आनंदीबाई जोशी : एका इंग्रजीची घडण

डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) यांचे चरित्र मराठीत प्रामुख्याने वैद्यकीच्या अंगाने सांगितले गेले आहे. परदेशी जाऊन वैद्यकीय पदवी मिळविणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री, ही त्यांची ओळख दृढ झाली आणि ती योग्यही आहे. तथापि शरीरशास्त्राचे पहिले व्याख्यान ऐकण्यापूर्वी त्यांना एक परकी भाषा लिहिण्यापुरती, बोलण्यापुरती आणि परीक्षेला उतरण्यापुरती आत्मसात करावी लागली होती. या भाषाशिक्षणाला शाळेचा आधार थोडा होता. पोस्टातील एका कारकुनाचे घर आणि पोस्टानेच जाणारी-येणारी पत्रे, हेच त्याचे मुख्य स्थान होते.

कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना ३१ मार्च १८७४ रोजी, वयाच्या नवव्या वर्षी, गोपाळ विनायक जोशी यांच्याशी विवाहबद्ध झाली आणि आनंदी झाली. गोपाळराव बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे व पोस्टखात्यात नोकरीला होते. विवाहापूर्वीच ते यमुनेला शिकवीत असत. पत्नीला शिकविण्याचा त्यांचा ध्यास हा स्त्रीशिक्षणाच्या तत्कालीन चळवळीचा भाग होता, हे खरे. परंतु त्या ध्यासाला एक हट्टी, किंबहुना हिंसक धार होती, हेही तितकेच खरे. अभ्यास टाळून स्वयंपाकघरात रमणे हा त्या घरात अपराध ठरे. इतर घरांत मुलींनी पुस्तक हाती धरले म्हणून मार बसे. येथे ते खाली ठेवले म्हणून बसे. या विपर्यासाकडे चरित्रकारांनी कौतुकाने पाहिले, क्वचितच चिकित्सेने.

बदलीच्या नोकरीमुळे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा प्रवास घडला. मुंबईत मिशनरी शाळेचा लाभ मिळाला, पण पुस्तके घेऊन रस्त्याने चालणाऱ्या ब्राह्मण स्त्रीला होणारा टवाळीचा जाचही सोसावा लागला. भुजेत शाळेचा आधार उरला नाही आणि अभ्यास पुन्हा घरातच आला. याच कालखंडात, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांना मुलगा झाला व दहा दिवसांत गेला. वैद्यकीकडे वळण्याचे कारण म्हणून या घटनेचा निर्देश नेहमी केला जातो. भाषेच्या दृष्टीने पाहता एवढे म्हणता येईल, की यानंतर इंग्रजी हा नवऱ्याने नेमून दिलेला पाठ राहिला नाही. त्या भाषेतून साध्य करावयाचे असे काही त्यांचे स्वतःचे निर्माण झाले.

१८७८ मध्ये गोपाळरावांनी कोल्हापुरातून अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. वाइल्डर यांनी धर्मांतराची अपेक्षा सुचविणाऱ्या आपल्या उत्तरासह तो पत्रव्यवहार प्रिन्स्टनहून निघणाऱ्या आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या पाहण्यात तो अंक १८८० मध्ये दंतवैद्याकडे ताटकळत असताना आला. त्यांनी पत्र धाडले आणि पंधरा वर्षांच्या आनंदीबाईंना इंग्रजीत लिहिण्यासाठी प्रथमच एक खराखुरा वाचक लाभला.

या घटनेचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. पाठ म्हणून दाखविण्याच्या इंग्रजीला चुका दुरुस्त करणारा शिक्षक असतो. पत्राच्या इंग्रजीला उत्तर देणारे माणूस असते. कार्पेंटरबाईंना हिंदू घरातील चालीरीती, सण, आहार, बालविवाह यांविषयी जाणून घ्यावयाचे होते. ते सांगायचे तर शब्दकोशातील शब्द अपुरे पडणार. ज्या वस्तूला, विधीला वा नात्याला त्या भाषेत नावच नाही, ते वर्णन करून सांगावे लागते. आपल्याच घराकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहून ते शब्दांत मांडण्याची ही सवय पुढे व्यासपीठावर आणि प्रबंधातही त्यांच्या कामी आली. शिवाय कार्पेंटरबाईंशी त्यांनी मावशीचे नाते जोडले. परकी भाषा घरच्या नात्याने बोलू लागली, ही गोष्ट भाषाशिक्षणाच्या इतिहासात लहान नव्हे.

लेखी इंग्रजीचा सराव असा झाला. बोलण्याची कसोटी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी लागली. अमेरिकेस जाण्याच्या त्यांच्या निश्चयावर टीकेचा भडिमार होत असता श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून व्याख्यान दिले. वय अठराही पूर्ण नव्हते. श्रोत्यांत युरोपीय आणि बंगाली असे दोन्ही वर्ग होते. या व्याख्यानाची रचना पाहण्याजोगी आहे. लोक आपल्याला विचारीत असलेले सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले : अमेरिकेसच का, हिंदुस्थानात सोय नाही काय, एकटीच का, परतल्यावर बहिष्कार पडणार नाही काय, काही अनर्थ ओढवला तर काय, आणि इतर स्त्रियांनी न केलेली गोष्ट आपणच का करावी. हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असा निर्वाळा त्यांनी दिला. प्रश्न आधी ठरवून उत्तरांची जुळणी करण्याच्या या पद्धतीमागे नवशिक्या वक्त्याची सावधगिरी असू शकेल. पण प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून मांडून त्याचे निरसन करण्याची आपल्याकडील शास्त्रार्थाची रीतही तीत ओळखू येते. भाषा इंग्रजी असली तरी युक्तिवादाची घडण सर्वस्वी उसनी नव्हती.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्ता सोडून ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. तो उन्हाळा रोझेलला कार्पेंटर कुटुंबात गेला. पत्रांतून ओळखीची झालेली भाषा आता जेवणाच्या टेबलावर, मुलांच्या तोंडून, रोजच्या वेगाने ऐकू येऊ लागली. त्याच जूनमध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजकडे अर्ज केला. १८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यकीय पदवी देणाऱ्या जगातील आरंभीच्या संस्थांपैकी होती. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, हे अर्जात त्यांनी दडविले नाही. मित्र आणि जात यांचा एकवट विरोध मोडून आपण येथवर आलो, तो निर्धारच आपली पात्रता मानावी, असा त्यांचा आशय होता. पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींचा उल्लेखही त्यात होता. प्रमाणपत्र नसलेल्या मुलीचा हा अर्ज म्हणजेच तिच्या इंग्रजीची प्रवेशपरीक्षा होती. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. डीन रेचल बॉडली यांचा लोभ पुढे कायम राहिला.

महाविद्यालयातील तीन वर्षे थंडी, अपुरा आहार आणि आजार यांनी पोखरली. १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली यांच्या शेजारी साडीतील आनंदीबाई आहेत. तिघींची मातृभाषा वेगळी. शिक्षणाची भाषा मात्र तिघींनाही परकीच. अमेरिकन कागदपत्रांत आनंदीबाईंचे आडनाव शेवटी दोन ‘ई’ अक्षरे लावून आढळते. शेवटचा स्वर दीर्घ आहे हे इंग्रजी वाचणाऱ्याला न सांगता कळावे, अशी सोय त्या वर्णलेखनात आहे.

१८८६ चा त्यांचा प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता. संस्कृत परंपरेतील आधार आणि अमेरिकन वैद्यकाचे ज्ञान त्यात एकत्र आले. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. त्याला त्यांच्या आप्त पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर नेमणूक झाली, पण क्षयाने ग्रासलेल्या त्या नोव्हेंबरमध्ये परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पूर्ण झाले नव्हते.

त्यांच्या लेखनाची वाटणी येथे लक्षात घ्यावी लागते. कार्पेंटरबाईंना पत्रे इंग्रजीत जात, गोपाळरावांना मराठीत. इंग्रजी पत्रांतील आनंदीबाई संयमी व आपल्या समाजाची बाजू सांभाळणाऱ्या आहेत. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात मात्र दहाव्या वर्षी लाकडाने खाल्लेला मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या यांचा हिशेब त्यांनी मांडला आणि हिंदू स्त्रीला नवऱ्यापुढे बोलण्याचा अधिकार नसतो, हेही बजावले. जी पुस्तके फेकली गेली त्यांतूनच आलेल्या विद्येने सातासमुद्रापलीकडे पोहोचल्यावर हे लिहिणे शक्य झाले, आणि ते लिहिताना त्यांनी मायबोलीच वापरली. आनंदीबाईंना केवळ गोपाळरावांची निर्मिती समजणाऱ्यांनी हे पत्र पुन्हा वाचावे.

चरित्रेही याच वाटणीने लिहिली गेली. कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बोस्टनला निघाले. त्यामागे कार्पेंटरबाईंकडील सामग्री होती. १८८९ मध्ये काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र आले. काशीबाईंचेही शिक्षण लग्नानंतर, घरातल्या विरोधाला तोंड देत झालेले होते. मराठी वाचकाला मावशीची पत्रे भाषांतरातून वाचावी लागली, तर इंग्रजी वाचकाला नवऱ्याला लिहिलेले ते पत्र मीरा कोसंबी यांच्या अनुवादातून, जवळजवळ शंभर वर्षांनी, मिळाले.