जॉन न्यूटन ह्याचा पश्चात्ताप

लंडन येथे १७२५ साली जन्मलेल्या जॉन न्यूटनचे गलबत १७४८ साली अटलांटिक महासागरात वादळात सापडले, तेव्हा त्या निंदकाने देवाची करुणा भाकिली. येथेच त्याचा पश्चात्ताप पुरा झाला असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. कारण पुढे तोच कप्तान होऊन आफ्रिकेतील स्त्रीपुरुषांस साखळदंडांत विकावयास नेई, आणि त्याच गलबतावर उपासनाही चालवी! १७५४ साली त्याने समुद्र सोडला तोही आजारामुळे. १७६४ साली तो ओल्नी गावी पाळक झाला. क्षमा कृपेने तत्काळ मिळते खरी. पण ह्या पापापासून उघडपणे फिरावयास त्यास चाळीस वर्षे लागली. १७८८ साली पुस्तक छापून त्याने त्या व्यापारातील आपला वाटा कबूल केला. १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटाने तो व्यापार बंद केला. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूटन प्रभूमध्ये निजला.