भांडी कोण घासणार?

रूम पार्टनरशी एकदाही वाजलं नाही असा हॉस्टेलवाला शोधूनही सापडायचा नाही. डिट्रिख बोनहोफर हे जर्मन धर्मगुरू असंच एक हॉस्टेल चालवत होते, पण हिटलरच्या राज्यात!

जन्म १९०६ चा, ब्रेस्लाऊचा. वडील मानसोपचाराचे नावाजलेले प्राध्यापक. एकविसाव्या वर्षीच डॉक्टरेट. पुढे न्यूयॉर्कला शिकताना ते हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये रमले आणि तिथल्या भक्तिगीतांच्या रेकॉर्ड्स घेऊन परतले. १९३३ मध्ये हिटलर आला. नाझी चर्चमध्येही घुसले. त्यांना न जुमानणाऱ्यांनी 'कन्फेसिंग चर्च' उभं केलं आणि १९३५ मध्ये त्याच्या होतकरू पाळकांना शिकवायचं काम बोनहोफर यांच्याकडे आलं. (गांधीजींच्या आश्रमात राहायचं त्यांच्या मनात होतं, निमंत्रणही मिळालं होतं. ते राहूनच गेलं.)

आधी समुद्रकाठी झिंग्स्टला, मग फिंकेनवाल्डेला वीस-पंचवीस पोरं एकत्र राहू लागली. प्रार्थना, अभ्यास, गाणी, खेळ सगळं मिळून. सकाळी अर्धा तास बायबलच्या एकाच उताऱ्यावर चिंतन. याला पोरं फार वैतागायची! एक नियम मात्र भलताच अवघड होता. गैरहजर माणसाविषयी बोलायचं नाही, आणि बोललात तर नंतर त्याला जाऊन सांगायचं. आपल्या मेसमध्ये हा नियम एक दिवस तरी टिकेल का?

एकदा भांडी घासायला मदत हवी होती. कुणी उठेना. बोनहोफर स्वतः उठले, स्वयंपाकघरात गेले आणि आतून कडी लावली. मागून धावत आलेल्यांना आत घेतलंच नाही. सगळी भांडी एकट्यानं घासली आणि त्यावर अवाक्षर काढलं नाही.

१९३७ मध्ये गेस्टापोनं फिंकेनवाल्डेला टाळं ठोकलं. माजी विद्यार्थ्यांपैकी २७ जण तुरुंगात गेले. बाकीचे पांगले, त्यांना बोनहोफर पत्रं लिहीत राहिले. या सहजीवनावरचं त्यांचं छोटं पुस्तक १९३९ मध्ये आलं. त्याच वर्षी मित्रांनी त्यांना सुरक्षित म्हणून न्यूयॉर्कला बोलावून घेतलं, पण आपली माणसं संकटात असताना तिथं मन लागेना. महिन्याभरातच ते परतले. पुढे हिटलरविरोधी कटात सामील झाले, १९४३ मध्ये पकडले गेले, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फासावर गेले. वय ३९. दोनच आठवड्यांनी अमेरिकन सैन्य तिथं पोचलं.

तुरुंगातून त्यांनी चोरून पाठवलेली पत्रं एबरहार्ड बेथगे यांनी जपली आणि पुढे छापली. बेथगे फिंकेनवाल्डेचेच विद्यार्थी.