टाळीचा धनी : डॉ. काशिनाथ घाणेकर

ठाणे : शहापूर, मुरबाड, भिवंडीकडची माणसं कोर्टकचेरीला नाहीतर दवाखान्याला ठाण्यात येतात. मानपाड्याकडून हिरानंदानी मेडोजच्या बाजूला वळलं की महापालिकेचं मोठं नाट्यगृह लागतं. त्यावर नाव आहे डॉ. काशिनाथ घाणेकर. हे डॉक्टर कोण, असा प्रश्न नव्या पोरांना पडतोच.

ठाण्यात मासुंदा तलावाकाठी राम गणेश गडकरी रंगायतन आहे. कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर. गडकरी आणि अत्रे नाटकं लिहिणारे, सावित्रीबाई समाज घडवणाऱ्या. घाणेकरांनी मात्र नाटक लिहिलं म्हणून नाव मिळवलं नाही. ते रंगमंचावर उभे राहिले आणि लोकांनी टाळ्या-शिट्ट्यांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं, एवढ्यावर त्यांचं नाव झालं. तीच टाळी पुढे त्यांना महागही पडली.

विंगेतून रंगमंचावर

घाणेकर मूळचे कोकणातले, जन्म चिपळूणचा. शिक्षणासाठी मुंबईत आले आणि दातांचे डॉक्टर झाले. त्या काळात डॉक्टर होणं म्हणजे घरादाराचं कल्याण. दवाखाना होता, पेशंट होते, समाजात मान होता. पण या माणसाचं मन नाटकात गुंतलेलं.

सुरुवातीला काम मिळालं ते प्रॉम्प्टरचं. प्रॉम्प्टर म्हणजे पडद्याआड विंगेत वही घेऊन उभा राहणारा माणूस. नट वाक्य विसरला की त्यानं हळूच पुढचे शब्द सांगायचे. प्रेक्षकाला तो दिसत नाही आणि त्याला कोणी टाळीही देत नाही. गावच्या जत्रेत नाटक बसवणाऱ्यांना हे काम चांगलं ठाऊक आहे. डॉक्टरकीची पदवी असलेला माणूस हे बिनमानाचं काम करत राहिला. दुसऱ्याची वाक्यं सांगता सांगता कुठे थांबलं की प्रेक्षक हलतो, कुठे आवाज चढवला की टाळी पडते, हे ध्यानात यायला विंगेसारखी जागा नाही.

संभाजीराजे उभे राहिले

1962 साली धी गोवा हिंदू असोसिएशननं वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक आणलं. शिवाजी महाराजांची भूमिका मास्टर दत्ताराम यांची आणि संभाजीराजे झाले काशिनाथ घाणेकर. महाराजांच्या अखेरच्या काळात घरात पडलेली फूट आणि बाप-लेकातला ताण, असा त्या नाटकाचा विषय.

आधीच्या काही नाटकांतून संभाजीराजे व्यसनी, बेफिकीर असेच दाखवलेले. इथे मात्र दुखावलेला, मानी, बापाच्या मायेला भुकेला मुलगा लोकांपुढे आला. घाणेकरांचे घारे डोळे, खणखणीत आवाज आणि अंगातली बेफाम चाल या भूमिकेला अशी चपखल बसली की पुढे संभाजीराजे म्हटलं की लोकांना तेच आठवायचे. 1968 साली कानेटकरांनी संभाजीराजांच्या शेवटावर ‘इथे ओशाळला मृत्यू’ लिहिलं, त्यातही संभाजी घाणेकरच होते.

लाल्यानं लावलेलं वेड

पण घराघरात नाव पोहोचलं ते 1966 सालच्या ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकानं. लेखक पुन्हा कानेटकर, संस्था नाट्यसंपदा. प्रभाकर पणशीकर झाले प्राध्यापक विद्यानंद आणि घाणेकर झाले लाल्या, म्हणजे कॉलेजातला उनाड, कोणालाही न जुमानणारा पोरगा. सरळमार्गी प्राध्यापक खोट्या आळात अडकून तुरुंगात जातो आणि बिघडून बाहेर येतो. उनाड लाल्या मात्र सुधारतो आणि पोलीस अधिकारी होऊन त्याच गुरुजींसमोर उभा राहतो. या गोष्टीवर पुढे 1969 साली ‘आंसू बन गये फूल’ हा हिंदी सिनेमाही निघाला.

लाल्याची एन्ट्री झाली की शिट्ट्या सुरू व्हायच्या. तोवर असली दाद सिनेमाच्या हिरोला मिळायची, नाटकवाल्यांना नाही. मराठी नाटकाचा प्रेक्षक तसा शिस्तीचा, पण घाणेकरांनी त्यालाही खुर्चीतून उठवलं. कॉलेजची पोरं त्यांच्यासारखं बोलायला, चालायला लागली. नाटकाच्या जाहिरातीत बाकीच्या नटांची नावं आधी यायची आणि शेवटी ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’. नाव शेवटी असूनही मान पहिला. एका ‘आणि’वर तिकीटबारी चालायची.

पडद्यावरही ते चालले. 1964 सालच्या राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्ये ते नायक होते. याच सिनेमावरून पुढे हिंदीत ‘मेरा साया’ झाला. 1967 साली ‘मधुचंद्र’ आला, 1976 साली ‘हा खेळ सावल्यांचा’. या शेवटच्या सिनेमातलं गोमूचं गाणं आजही आपल्याकडच्या हळदीत वाजतं. नाचणाऱ्या पोरांना ते कोणावर चित्रित झालंय हे माहीत नसतं, एवढंच.

कल्याणच्या गोपाळरावांची भूमिका

घाणेकरांना फक्त टाळीची वाक्यं फेकता येत होती, असं समजणं चूक ठरेल. ‘आनंदी गोपाळ’ नाटकात त्यांनी गोपाळराव जोशी केले. ही गोष्ट तर आपल्या कल्याणचीच. आनंदीबाईंचा जन्म 1865 सालचा, कल्याणचा. टपाल खात्यात कारकून असलेल्या गोपाळरावांनी बायकोला शिकवण्याचा ध्यास घेतला. आनंदीबाई अमेरिकेत जाऊन 1886 साली डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वारल्या.

गोपाळराव हट्टी, तापट आणि विचित्र. बायकोवर जीव लावणारा आणि तिलाच छळणारा. या माणसाला शिट्टी मिळणार नाही, हे नटाला आधीच माहीत असतं. तरी घाणेकरांनी ही भूमिका केली. कोकणातल्या ‘गारंबीचा बापू’मधला बापूही त्यांनी रंगवला. ऐट सोडून माणूस उभा करायची ताकद त्यांच्यात होती, ती या भूमिकांतून दिसते.

टाळीची किंमत

नटाचं जगणं बाहेरून झगमगीत दिसतं. आतून ते शेतीसारखंच बेभरवशाचं. पीक आलं तर आलं. तेव्हा नटाला पैसे मिळायचे ते प्रयोगामागे, त्याला नाटकवाले ‘नाईट’ म्हणतात. रात्री प्रयोग, पहाटे कंपनीच्या बसमध्ये झोप, दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. आणि रोज हजारभर लोकांपुढे नव्यानं सिद्ध व्हायचं.

घाणेकरांनी दवाखान्याची सुरक्षित वाट सोडून ही वाट धरली आणि त्यांना दारूचं व्यसन लागलं. प्रयोगाला उशीर, निर्मात्यांशी खटके, सहकलाकारांची नाराजी या गोष्टी वाढत गेल्या. पहिल्या पत्नी डॉक्टर होत्या, तो संसार टिकला नाही. पुढे ज्येष्ठ अभिनेत्री सुलोचनादीदी यांच्या कन्या कांचन यांच्याशी त्यांनी लग्न केलं. कांचनताईंनी ‘नाथ हा माझा’ या पुस्तकात नवऱ्याचे गुणही लिहिले आणि दोषही लपवले नाहीत.

त्याच काळात रंगभूमीही बदलत होती. कान-नाक-घशाचे डॉक्टर असलेले श्रीराम लागू पूर्णवेळ नाटकात आले. ज्या गोवा हिंदू असोसिएशननं घाणेकरांना संभाजी दिला, त्याच संस्थेनं 1970 साली लागूंना घेऊन ‘नटसम्राट’ आणलं. 1972 साली कानेटकरांच्याच ‘हिमालयाची सावली’मध्येही लागू होते. दोघेही डॉक्टर, दोघेही मोठे नट, पण रीत वेगळी. घाणेकर वाक्य प्रेक्षकांकडे भिरकावून टाळी घ्यायचे. लागूंचा भर भूमिकेचा विचार संयमानं उलगडण्यावर असायचा. लोकांना हळूहळू तेही आवडायला लागलं.

ज्याची ओळखच एन्ट्रीच्या टाळीवर उभी आहे, त्याला असा बदल फार लागतो. शैली ही नटाची कमाई असते, पण तीच शैली रोज मागितली जाते. वय वाढतं, शरीर थकतं, प्रेक्षकाला मात्र तोच जुना लाल्या हवा असतो.

अखेरचा दौरा

2 मार्च 1986 रोजी नाटकाच्या दौऱ्यावर असतानाच अमरावतीत हृदयविकारानं घाणेकरांचं निधन झालं. पन्नाशी ओलांडली होती. शेवटही घरापासून लांब, कामाच्या वाटेवरच झाला.

2018 साली दिवाळीत ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ हा सिनेमा आला. सुबोध भावे यांनी त्यांची भूमिका केली आणि ज्यांनी घाणेकरांना कधी पाहिलं नव्हतं त्या पिढीनंही थिएटरात शिट्ट्या मारल्या.

आपल्या तालुक्यांत जत्रेला, गणपतीत, नवरात्रात नाटकं बसतात. मोबाईलवर रील करणारी पोरंही हजारो आहेत. टाळी, शिट्टी, लाईक, सगळ्यांची चव एकच. ती मिळवायची कशी हे घाणेकरांकडून जरूर शिकावं. विंगेत वही धरून उभं राहायची त्यांची तयारीही घ्यावी. आणि टाळी थांबल्यावर घरी परतायची वाट मोकळी ठेवावी, कारण ती त्यांना सापडली नाही.

घाणेकर नाट्यगृहात आजही तिसरी घंटा होते, दिवे मंद होतात, कोणीतरी नवा नट पहिल्यांदा घाबरत एन्ट्री घेतो. विंगेत कोणीतरी त्याची वाक्यं मनातल्या मनात म्हणत उभा असतो. बाहेर पाटीवर नाव असतं ते अशाच एका प्रॉम्प्टरचं.