सोनेरी अक्षरांचा व्रतस्थ : धन्य फ्रा अँजेलिको

१८ फेब्रुवारी हा धन्य फ्रा अँजेलिको यांचा स्मरणदिन. फ्लॉरेन्सच्या मठातील भित्तिचित्रांमुळे ते जगाला ठाऊक आहेत. मात्र भिंतीकडे वळण्यापूर्वी त्यांचा हात ग्रंथांतली अक्षरे रंगवण्यात तयार झाला होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल.

इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या विक्किओ परिसरात १३९५ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव ग्विदो. त्यांचे बंधू बेनेदेत्तो हे ग्रंथांच्या नकला करणारे लेखनिक होते. त्या काळी युरोपात छापखाने नव्हते. मिस्साग्रंथ व स्तोत्रांचे ग्रंथ चर्मपत्रावर हाताने लिहीत. लेखनिक मजकूर लिहून आद्याक्षरासाठी जागा मोकळी सोडत असे. ती जागा भरणे हे चित्रकाराचे काम.

या कामाला मोठा धीर लागे. प्रथम अक्षर बारीक रेघांनी आखायचे. सोने हवे तेथे खडू व सरस यांचे पातळ थर द्यायचे. ते वाळले की त्यावर तोंडाची वाफ सोडून किंचित ओल आणायची, सोन्याचा वर्ख अलगद ठेवायचा आणि गुळगुळीत दगडाने किंवा जनावराच्या दाताने घोटायचा. रंग त्यानंतरच. हा क्रम चुकला तर घोटताना रंग बिघडत. रंग डिंकात किंवा अंड्यातील पांढऱ्या भागात कालवत. उत्तम निळा रंग अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा असे, आणि तो फार महाग पडे.

१४१७ मध्ये ग्विदो यांची चित्रकार म्हणून नोंद आढळते. नाव होत असतानाच त्यांनी फिएसोलेच्या डॉमिनिकन मठाची वाट धरली. १४२३ पर्यंत ते बंधू जोव्हान्नी झाले होते. बेनेदेत्तोही त्याच संघात आले. मठात जोव्हान्नींची कला सुटली नाही; ती उपासनेच्या कामी आली. त्यांनी सजवलेला एक मिस्साग्रंथ आजही फ्लॉरेन्सच्या सान मार्को संग्रहालयात आहे. त्यातील एका आद्याक्षरात देवदूत पवित्र मरियेला निरोप देत आहे.

१४३६ मध्ये सान मार्कोचा मठ डॉमिनिकन बंधूंकडे आला. तेथील चाळीसहून अधिक खोल्यांत जोव्हान्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे काढली. प्रत्येक चित्र त्या खोलीत प्रार्थना करणाऱ्या एकाच बंधूसाठी! गर्दीने पाहावे म्हणून ती काढलेलीच नव्हती. अक्षराच्या इवल्या चौकटीत शिकलेली एकाग्रता भिंतीवर उतरली.

पुढे पोप महाशयांनी त्यांना रोमला बोलावले. १४५५ मध्ये तेथेच त्यांना देवाज्ञा झाली. ‘अँजेलिको’, म्हणजे देवदूतासारखा, हे नाव लोकांनी त्यांना मृत्यूनंतर दिले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८२ मध्ये त्यांना धन्य म्हणून मान्यता दिली आणि १९८४ मध्ये कलाकारांचे आश्रयदाते ठरवले.

आपल्या चर्चमध्येही कोणी वेदीची वस्त्रे इस्त्री करते, कोणी फुले लावते, कोणी मिस्साग्रंथाचे पान शोधून ठेवते. ही कामे चारचौघांच्या नजरेत येत नाहीत. कौतुक झाले नाही की आपण हिरमुसतो आणि कधी कधी ती सेवाच सोडून देतो. फ्रा अँजेलिकोंनी बंद ग्रंथाच्या आतले अक्षरही तितक्याच मनापासून घोटले. या रविवारी आपल्या वाट्याचे लहान काम आपण तसेच मनापासून करू या.