वाङ्मयकार म्हाइंभट

‘साहित्य म्हणजे काय?’ हा प्रश्न पेपरात आला की आपण भामहाचा हवाला देऊन शब्द आणि अर्थ यांच्या सहितत्वाविषयी चार ओळी लिहितो आणि मोकळे होतो. घरी मात्र साहित्य म्हणजे पूजेचे किंवा स्वयंपाकाचे सामान! ‘वाङ्मय’ या शब्दात वाणी आहे, कागदाचे नाव नाही. उलट इंग्रजी ‘लिटरेचर’च्या मुळाशी लॅटिनमधले ‘अक्षर’ आहे. त्या हिशेबाने जे लिहिले गेले नाही ते सारे बाहेर. मग आपल्या मेळघाटातील कोरकू आजीबाईंची गाणी कोठे बसवायची?

या शब्दांची कसोटी ज्यांच्या चरित्रात लागते असा एक पुरुष सुमारे सातशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात राहून गेला. चिखलदऱ्याचा घाट उतरून परतवाडा आणि अचलपूर मागे टाकले की पुढे मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेथे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले.

म्हाइंभट मूळचे सराळ्याचे, यादवकाळातले शास्त्री. विद्वत्तेचा ताठा मोठा. चक्रधरस्वामींना वादात जिंकावे म्हणून ते डोंबेग्रामास गेले आणि अखेर त्यांचेच अनुयायी झाले. स्वामी जन्माने गुजरातचे. पण उपदेश मराठीत करीत. १२७४ च्या सुमारास स्वामी गेल्यावर शिष्यमंडळी रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. तेथे नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणींचे मनन करीत बसत. ते म्हाइंभटांच्या ध्यानी आले आणि त्यांनी लिहून घेण्याची परवानगी मागितली. वाजेश्वरीच्या देवळात, परंपरेने १२७८ च्या सुमारास, हे काम झाले.

काम कसे केले हे फार महत्त्वाचे. ज्यांनी स्वामींना पाहिले होते अशा माणसांकडे म्हाइंभट गावोगाव गेले, आठवणी ऐकल्या, टिपल्या, आणि नागदेवाचार्यांकडून त्यांची शहानिशा करून घेतली. म्हणजे आधी त्यांनी ‘साहित्य’ जमवले ते अगदी घरगुती अर्थाने! स्वामी कोठे उतरले, काय जेवले, महदाइसेने काय विचारले, हे सगळे बोलण्यातल्या साध्या गद्यात उतरले. शास्त्री माणसाला संस्कृतात श्लोक रचणे अवघड नव्हते. ते त्यांनी केले नाही. नागदेवाचार्यांचा आग्रहही असाच होता. संस्कृतात लिहिले तर म्हाताऱ्याकोताऱ्या बायका त्याला मुकतील, असे त्यांना वाटे. पुढे गोविंदप्रभूंचे चरित्रही म्हाइंभटांनीच लिहिले. त्यांच्या उत्तरायुष्यातील बाकी तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. खरी गोष्ट ग्रंथाची आहे.

चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजा आल्या. महानुभाव त्या संकटाला ‘खालशाची धाड’ म्हणतात. त्यात मूळ पोथी नाहीशी झाली. ‘लिटरेचर’च्या हिशेबाने येथे सगळे संपायला हवे होते. परंतु हिराइसा नावाच्या बाईंना ग्रंथ मुखोद्गत होता. त्यांच्या आणि इतरांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला. ऐकलेले कागदावर गेले, कागद गेला, आणि वाणीने ते पुन्हा कागदाला दिले. मला तर ‘वाङ्मय’ हा शब्द याच प्रसंगाने कळला. व्याख्येने कळला नव्हता.

पुढे पंथीयांनी पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवल्या, त्यामुळे कित्येक शतके हे लेखन पंथाबाहेर कोणाला वाचता आले नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी या लिपीची उकल केली, नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी ‘लीळाचरित्रा’चे भाग छापले, आणि वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून तो आता अभ्यासक्रमात आहे. एके काळी तोही कोणाच्या तरी तोंडी असलेल्या आठवणींचाच ढीग होता.

आज मिळणाऱ्या प्रतींत एकाच प्रसंगाच्या वेगळ्या आठवणी ‘वासना’ म्हणून जवळजवळ नोंदलेल्या दिसतात. एकीला खरी ठरवून दुसरी कोणी पुसून टाकलेली नाही.