सीताफळापासून पेशीपर्यंत : डॉ. कमल रणदिवे

मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घापासून भीती वाटते. तरीही लिहायला बसले, कारण गेल्या सेमिस्टरला मला ज्यांनी अक्षरशः सावरलं, त्यांची ओळख हॉस्टेलमधल्या सर्वांना व्हावी असं वाटतं. त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

बारावीत माझा सगळा जीव बायोलॉजीत. वाशिमला आई मासे साफ करायला बसली की मी शेजारी बसून कल्ले, हवेची पिशवी शोधायचे. पप्पांना मी डॉक्टर व्हायला हवी होते. मेडिकल थोडक्यात हुकलं आणि मी इलेक्ट्रॉनिक्सला आले. बायोलॉजी कायमची सुटली, असंच धरून चालले होते.

कमलताईंची गोष्ट याच्या उलटी. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं, ही त्यांची इच्छा. पण हुजूरपागेतून फर्ग्युसनमध्ये गेलेल्या या मुलीने १९३४ मध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवली. १९३९ मध्ये लग्न केलं तेही गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी. १९४३ मध्ये एम.एस्सी. झाल्या. त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची पेशी-अनुवंशिकी. आपण सीताफळ खाऊन बिया फेकतो, त्या त्याच्या पेशीत शिरल्या!

मुंबईत त्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काम करू लागल्या. डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धन शिकल्या. माणसाच्या पेशींची 'हेला' ही अखंड वाढणारी जगप्रसिद्ध मालिका १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत तयार झाली.

ऊतीसंवर्धन म्हणजे शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जगवणं. पोषक द्रव हवा, निर्जंतुक हवा हवी आणि माणसाच्या पेशींना ३७ अंश सेल्सिअस तापमान हवं. एक जिवाणू शिरला तरी महिन्यांची मेहनत पाण्यात. परत आल्यावर कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवर प्रयोग करून स्तनाचा कर्करोग, अनुवंश, हार्मोन्स आणि विषाणू यांचे धागे त्यांनी जुळवून पाहिले. कुष्ठरोग्यांच्या गाठींतून जिवाणू वेगळे करून ते वाढवण्याचं कामही त्यांच्या गटाने केलं. पुढे याच जिवाणूंपासून कुष्ठरोगाची लस तयार करण्यात आली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

पण मला जास्त भावल्या त्या दोन गोष्टी. १९७३ मध्ये त्यांनी सहकारी महिलांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. या संघटनेने वाशीला नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालवलं. बाईचं संशोधन कुठे अडतं, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं! आणि निवृत्तीनंतर आराम न करता त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामाला लागल्या. हे अकोले नगर जिल्ह्यातलं बरं का, आपल्या शेजारचं अकोला नव्हे. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता माझ्याकडे येते. मिनी प्रोजेक्टला मी इनक्युबेटरचा टेम्परेचर कंट्रोलर घेतला होता. पहिल्या डेमोला ३७ वर थांबायचा काटा थेट ४१ वर गेला आणि सगळे हसले. रात्री रूमवर रडले. त्याच आठवड्यात लायब्ररीत कमलताईंविषयी वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. त्या डब्यात खऱ्या पेशी असत्या तर माझ्या चुकीने मेल्या असत्या. म्हणजे सर्किट बनवणारीच्या हातातही कुणाचा तरी जीव असतोच की! लखनौच्या राष्ट्रीय संस्थेत माशांच्या पेशींच्या मालिका जपतात, तिथेही तापमान सांभाळणारं यंत्र कुणीतरी इंजिनिअरनेच बनवलेलं असणार.

कंट्रोलर पुन्हा बनवला. आता तो अर्ध्या अंशापलीकडे हलत नाही. बायोलॉजी सुटली नव्हती, मीच तिच्याकडे पाठ फिरवली होती. सीताफळाकडून कर्करोगाकडे, तिथून कुष्ठरोगाकडे आणि शेवटी कुपोषित मुलांकडे गेलेल्या कमलताईंनी विषय बदलले, जिज्ञासा नाही. मित्रमैत्रिणींनो, ब्रँच चुकली म्हणून रडत बसलेलं कुणी तुमच्या विंगमध्ये असेल, तर त्याला एवढंच सांगा.