व्सेवोलोद पुदोवकिन

व्सेवोलोद इलारिओनोविच पुदोवकिन (२८ फेब्रुवारी, १८९३ - ३० जून, १९५३) हे रशियन चित्रपट दिग्दर्शक, अभिनेते आणि चित्रपटकलेचे सिद्धान्तकार होते. 'आई' (१९२६), 'सेंट पीटर्सबर्गचा अंत' (१९२७) आणि 'चंगीझखानाचा वंशज' (१९२८) हे त्यांचे तीन मूकपट जागतिक चित्रपटसृष्टीत मानाचे गणले जातात. सर्गेई आयझेनस्टाइन यांच्या आरंभीच्या चित्रपटांत जनसमूह हाच नायक असे. पुदोवकिन यांनी मात्र मोठ्या सामाजिक उलथापालथीचे चित्रण एका सामान्य माणसाच्या मनातील परिवर्तनाद्वारे केले. रशियन नाट्यमय चित्रपटाला त्यांनी दिलेले हे सर्वांत महत्त्वाचे योगदान होय.

पूर्वायुष्य

पुदोवकिन यांचा जन्म रशियातील पेन्झा येथे झाला. त्यांच्या बालपणीच कुटुंब मॉस्कोला स्थलांतरित झाले. मॉस्को विद्यापीठात ते भौतिकी व रसायनशास्त्राचे शिक्षण घेत असताना पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ते तोफखान्यात दाखल झाले. १९१५ साली ते जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडले. सुमारे तीन वर्षे युद्धकैदी म्हणून काढल्यानंतर १९१८ मध्ये ते मॉस्कोला परतले आणि काही काळ त्यांनी रसायनतज्ज्ञ म्हणून प्रयोगशाळेत काम केले.

अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा 'इनटॉलरन्स' हा चित्रपट पाहून ते या माध्यमाकडे ओढले गेले. १९२० साली त्यांनी मॉस्कोच्या शासकीय चित्रपट विद्यालयात प्रवेश घेतला. पुढे ते लेव्ह कुलेशोव यांच्या कार्यशाळेत सामील झाले. तेथे त्यांनी अभिनय, पटकथालेखन, नेपथ्य आणि संकलन अशी सर्व अंगे हाताळली. अभिनेत्री आना झेम्त्सोवा या त्यांच्या पत्नी होत.

आरंभीचे चित्रपट

१९२५ साली मॉस्कोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेच्या निमित्ताने त्यांनी 'बुद्धिबळाचा ज्वर' हा विनोदी लघुपट केला. जगज्जेते कापाब्लांका यांची प्रत्यक्ष दृश्ये कथेत अशी गुंफली होती की, ते त्या कथेतील एक पात्रच वाटावेत. त्यानंतरचा 'मेंदूची यंत्रणा' (१९२६) हा माहितीपट इव्हान पावलोव यांच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरील संशोधनाविषयी होता. या चित्रपटापासून छायालेखक अनातोली गोलोव्न्या हे त्यांचे दीर्घकाळचे सहकारी झाले.

तीन श्रेष्ठ मूकपट

'आई' हा चित्रपट माक्सिम गॉर्की यांच्या कादंबरीवर आधारित असून त्याची पटकथा नातान झार्खी यांची होती. कथा १९०५ च्या क्रांतीच्या काळात घडते. पती मद्यपी आणि संपफोड्यांना सामील झालेला, तर मुलगा पावेल संपकरी कामगारांच्या बाजूचा, अशा घरातील ही आई आहे. मुलगा सुटेल या भाबड्या समजुतीने ती त्याने लपवलेली शस्त्रे पोलिसांच्या स्वाधीन करते. परिणामी त्यालाच शिक्षा होते. आपल्या हातून काय घडले हे उमगल्यावर ती चळवळीत उतरते आणि अखेरीस लाल निशाण हाती धरून घोडदळासमोर उभी राहते. चित्रपटाच्या पूर्वार्धात ही दबलेली स्त्री अनेकदा उंचावरून, तर अखेरीस खालच्या कोनातून चित्रित केली आहे. नदीवरचा बर्फ फुटून वाहू लागणे आणि कामगारांचा मोर्चा पुढे सरकणे ही दृश्ये एकमेकांत गुंफलेला शेवट विशेष गाजला. आईची भूमिका वेरा बारानोव्स्काया यांनी, तर पावेलची निकोलाई बातालोव यांनी केली. दोघेही मॉस्को आर्ट थिएटरच्या परंपरेतील कलावंत होते. स्वतः पुदोवकिन यांनी झडती घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याची छोटी भूमिका केली.

'सेंट पीटर्सबर्गचा अंत' हा चित्रपट ऑक्टोबर क्रांतीच्या दहाव्या वर्षानिमित्त तयार झाला. दारिद्र्यामुळे गाव सोडून शहरात आलेला शेतकरी तरुण अजाणतेपणी संपाविरुद्ध वागतो, पुढे युद्धावर जातो आणि शेवटी क्रांतिकारकांच्या बाजूने उभा राहतो. रणभूमीवर मरणारे सैनिक आणि शेअर बाजारात चढणारे भाव यांची आलटून पालटून दाखवलेली दृश्ये युद्धाचा नफा कोणाला होतो हे शब्दांवाचून सांगतात. मराठी वाचकाला येथे बाबूराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटाची आठवण होते. जमीन गमावून मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा होती. कोल्हापुरात आणि रशियात, एकमेकांशी संबंध नसताना, जवळपास एकाच वेळी हा विषय पडद्यावर आला.

'चंगीझखानाचा वंशज' हा चित्रपट पाश्चात्त्य देशांत 'आशियावरील वादळ' या नावाने प्रसिद्ध आहे. मौल्यवान फरच्या व्यवहारात फसवला गेलेला एक मंगोल शिकारी परकीय सैन्याच्या हाती पडतो. त्याला चंगीझखानाचा वारस ठरवून बाहुला राजा बनवण्याचा डाव रचला जातो. अखेरीस तो उसळून उठतो आणि त्याच्या बंडाबरोबर पडद्यावर प्रचंड वादळ उठते. ही भूमिका वालेरी इंकिजिनोव यांनी केली.

संकलनविषयक विचार

पुदोवकिन यांच्या मते संकलन हा चित्रपटकलेचा पाया आहे. दिग्दर्शक शॉटवर शॉट ठेवत, वीट रचावी तशी कथा बांधतो आणि प्रेक्षकाच्या भावनांना दिशा देतो. आयझेनस्टाइन यांना मात्र दोन शॉटच्या जोडणीपेक्षा त्यांची टक्कर महत्त्वाची वाटे. या दोघांतील मतभेद चित्रपटशास्त्राच्या अभ्यासात आजही शिकवला जातो. विरोध, समांतरता, प्रतीक, समकालिकता आणि पुनरावृत्त सूत्र असे संकलनाचे पाच प्रकार पुदोवकिन यांनी सांगितले.

कुलेशोव यांचा सुप्रसिद्ध प्रयोगही मुख्यतः पुदोवकिन यांच्या लेखनामुळे जगाला कळला. अभिनेता मोझ्झुखिन यांच्या एकाच निर्विकार चेहऱ्यापुढे सूपची थाळी, शवपेटीतील स्त्री आणि खेळणारी मुलगी ही दृश्ये जोडली असता प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसू लागले, असे त्यांनी नोंदवले आहे. त्यांच्या लेखनाचा आयव्हर माँटेग्यू यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९२९ साली 'फिल्म टेक्निक' या नावाने प्रसिद्ध झाला.

बोलपट आणि राज्यसत्ता

१९२८ साली आयझेनस्टाइन व अलेक्सांद्रोव यांच्यासह त्यांनी ध्वनीविषयीचे निवेदन प्रसिद्ध केले. ध्वनीने दृश्याची नुसती सोबत करू नये, त्याच्याशी विसंवादही साधावा, अशी त्यात भूमिका होती. 'पळपुटा' (१९३३) या बोलपटात त्यांनी हा प्रयोग करून पाहिला. परंतु त्या सुमारास सोव्हिएत शासनाने समाजवादी वास्तववादाचा आग्रह धरला आणि अशा प्रयोगांवर रूपवादाचा शिक्का बसू लागला. १९३५ मध्ये मोटार अपघातात झार्खी यांचे निधन झाले. त्या अपघातातून पुदोवकिन बचावले, पण त्यांचा महत्त्वाचा पटकथाकार हरपला.

त्यानंतर ते 'मिनिन आणि पोझार्स्की' (१९३९), 'सुवोरोव' (१९४१) अशा राष्ट्रपुरुषांवरील चित्रपटांकडे वळले. 'अ‍ॅडमिरल नाखिमोव' या चित्रपटावर १९४६ साली कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने टीका केली. पुदोवकिन यांनी त्यात फेरबदल केले आणि त्याच चित्रपटाला पुढे स्तालिन पारितोषिक मिळाले. ज्या आयझेनस्टाइन यांच्या 'इव्हान द टेरिबल'च्या पहिल्या भागात पुदोवकिन यांनी भोळसट भिक्षेकऱ्याची भूमिका केली होती, त्यांच्याच दुसऱ्या भागावर त्याच वेळी बंदी आली. तो भाग दोघांच्याही निधनानंतर, १९५८ मध्ये प्रदर्शित झाला. १९४८ साली पुदोवकिन यांना सोव्हिएत संघाचे लोककलावंत हा किताब देण्यात आला. सन्मान वाढत गेले, पण मूकपटांतील धाडस पुन्हा त्या प्रमाणात दिसले नाही, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

'वासिली बोर्तनिकोवचे पुनरागमन' (१९५३) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. युद्धात मृत समजला गेलेला सैनिक घरी परततो, तेव्हा पत्नीने दुसऱ्या पुरुषाबरोबर संसार मांडलेला असतो. या कथेत ते पुन्हा एका सामान्य माणसाच्या मनाकडे वळले. त्याच वर्षी रीगाजवळ त्यांचे निधन झाले.

भारताशी संबंध

१९५१ च्या सुमारास पुदोवकिन यांनी अभिनेते निकोलाई चेर्कासोव यांच्यासह भारताला भेट दिली. कोलकात्यात ते फिल्म सोसायटीच्या सभासदांना भेटले. सत्यजित राय यांनी तरुणपणी त्यांचे लेखन अभ्यासले होते. ऋत्विक घटक यांच्यावरही त्यांचा प्रभाव होता. घटक यांनी १९६० च्या दशकात पुण्याच्या चित्रपट संस्थेत अध्यापन केले.

निवडक चित्रपट

* बुद्धिबळाचा ज्वर (१९२५)
* आई (१९२६)
* सेंट पीटर्सबर्गचा अंत (१९२७)
* चंगीझखानाचा वंशज (१९२८)
* पळपुटा (१९३३)
* सुवोरोव (१९४१)
* अ‍ॅडमिरल नाखिमोव (१९४७)
* वासिली बोर्तनिकोवचे पुनरागमन (१९५३)